हिरे, संश्लेषित

हिरे, संश्लेषित : प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात नियंत्रित परिस्थितीत वाढविलेले हिऱ्याचे स्फटिक. त्यांचे रासायनिक संघटन (कार्बन) व स्फटिकसंरचना ही नैसर्गिक हिऱ्याप्रमाणेच असतात. त्यामुळे काच, घन झिर्कोनिया, मॉयसनाइट इ. केवळ हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या पदार्थांहून ते मूलतः भिन्न आहेत. ‘कृत्रिम’ हा शब्द व्यवहारात दोहोंना लावला जात असल्याने ग्राहकाचा घोटाळा होण्याचा संभव असतो.

नैसर्गिक हिरे : हे पृथ्वीच्या प्रावरणात बहुतांशी सु. १५०–२०० किमी. खोलीवर तयार झाले असून अनेक हिऱ्यांचे वय १ ते ३ अब्ज वर्षे आहे. ते किंबर्लाइटासारख्या खडकांच्या शिलारसाबरोबर पृष्ठाकडे येतात. महाराष्ट्राचा बराचसा भाग दक्षिण ट्रॅप बेसाल्टाने व्यापलेला आहे. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुका याच प्रदेशात मोडतो. १९९३ च्या भूकंपानंतर लोहाऱ्याजवळील किल्लारी येथे जमिनीत घेतलेल्या वेधनात बेसाल्टाची जाडी सु. ३३८ मी. आढळली व त्याखाली अतिप्राचीन खडक लागले. बेसाल्टाचा शिलारस हिऱ्यांच्या उगमापेक्षा कमी खोलीवर निर्माण होत असल्याने या काळ्या खडकात हिरे मिळत नाहीत. लोहारा ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत होते, त्याची राजधानी मात्र गोवळकोंड्याच्या हिरेबाजाराला लागूनच होती. या बाजारात येणारे हिरे मुख्यत्वे कृष्णा नदीच्या खोऱ्यातील गाळात सापडत. अठराव्या शतकात ब्राझीलमधील साठे उघडकीस येईपर्यंत जगाला हिरे पुरविणारा प्रमुख देश भारतच होता. खऱ्याखोट्याची पारख हा प्रश्नही येथे जुनाच असून वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत वज्रपरीक्षेचे स्वतंत्र प्रकरण आहे.

इतिहास : हिरा म्हणजे शुद्ध कार्बन होय, हे स्मिथसन टेनंट (१७६१–१८१५) यांनी १७९७ मध्ये सिद्ध केले. तेव्हापासून कोळशाचा हिरा करण्याचे प्रयत्न सुरू झाले. जेम्स हॅने यांनी १८८० मध्ये व आंरी म्वासां (१८५२–१९०७) यांनी १८९३ मध्ये यशाचा दावा केला. परंतु त्या प्रयोगांची पुनरावृत्ती इतरांना करता आली नाही. स्टॉकहोम येथे आसेआ कंपनीने १९५३ मध्ये हिरे तयार केले. तथापि ही गोष्ट तिने तेव्हा जाहीर केली नाही. १६ डिसेंबर १९५४ रोजी जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील ट्रेसी हॉल (१९१९–२००८) यांना यश आले व फेब्रुवारी १९५५ मध्ये त्याची घोषणा झाली. रत्न म्हणून उपयोगी पडतील असे स्फटिक याच कंपनीने १९७० मध्ये मिळविले.

निर्मिती : मुख्य पद्धती दोन आहेत. उच्च दाब व उच्च तापमान पद्धतीत ग्रॅफाइट, लोह-निकेल-कोबाल्ट यांसारख्या धातूंचा विद्रावक आणि बीजस्फटिक यांवर सु. ५०–६० हजार वातावरण दाब देऊन तापमान १,३००°–१,६००° से. ठेवतात. वितळलेल्या धातूत विरघळलेला कार्बन तुलनेने थंड असलेल्या बीजस्फटिकावर साचतो.

दुसऱ्या, बाष्पनिक्षेपण पद्धतीत दाब वातावरणापेक्षाही कमी असतो. हायड्रोजनात थोडा मिथेन मिसळून सूक्ष्मतरंगांनी त्याचा आयनद्रायू करतात. सु. ७००°–१,२००° से. तापमानाच्या बीजस्फटिकावर कार्बनाचे थर चढतात. सोबत तयार होणारे ग्रॅफाइट हायड्रोजनाचे अणू काढून टाकतात. विल्यम एव्हरसोल यांनी १९५२ मध्ये कमी दाबाखाली हिऱ्याची वाढ साधली होती. परंतु वेगवान पद्धती जपानमध्ये १९८० नंतर विकसित झाल्या.

तुलना : कठिनता (१०), घनता (३·५२) व प्रणमनांक (२·४१७) दोन्हींत सारखेच असल्याने नुसत्या डोळ्यांनी भेद कळत नाही. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजनाचे अणू दीर्घ काळात एकत्र आलेले असतात. घडविलेल्या हिऱ्यांत असे सहसा नसते. पहिल्या पद्धतीच्या हिऱ्यांत धातूचे कण, तर दुसऱ्या पद्धतीच्या हिऱ्यांत थरांची रचना आढळू शकते. वर्णपटीय परीक्षा व जंबुपार किरणांत दिसणारी वाढीची नक्षी यांवरून निदान करतात. गोवळकोंड्याच्या प्रसिद्ध हिऱ्यांची ख्याती त्यांतील नायट्रोजनाच्या जवळजवळ पूर्ण अभावामुळे होती. बाष्पनिक्षेपणाने मिळणारे हिरेही सामान्यतः याच वर्गातील असतात. म्हणून निर्मळपणा हा नैसर्गिकतेचा पुरावा राहिलेला नाही.

भारत व व्यापार : सुरत हे हिऱ्यांना पैलू पाडण्याचे, तर मुंबई हे त्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र असून संश्लेषित हिऱ्यांची निर्मितीही भारतात मोठ्या प्रमाणावर होते. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बीजस्फटिकांवरील आयातशुल्क रद्द करण्यात आले व संशोधनासाठी अनुदान जाहीर झाले. उत्पादन वाढताच या हिऱ्यांच्या किंमती झपाट्याने उतरल्या. खाणकाम टळत असले, तरी त्यांना वीज बरीच लागते. त्यामुळे पर्यावरणाचा लाभ विजेच्या उगमावर अवलंबून असतो. कर्तन व वेधन यांची हत्यारे आणि उष्णतावहनाची साधने यांत मूळ कोणते हा प्रश्न गौण ठरतो. दागिन्यात मात्र किंमत दुर्मिळतेवर ठरत असल्याने विक्रेत्याने हिऱ्याचे मूळ स्पष्ट सांगणे आवश्यक असते. कारण ग्राहकाला ते स्वतः पारखता येत नाही.