रुग्णाची झोप : उपचाराचाच एक भाग

म्हैसूर हे शहर राजवाडा, दसरा आणि चंदन यांसाठी प्रसिद्ध असले, तरी वैद्यकीय शिक्षणाचे ते एक जुने केंद्रही आहे. येथील शासकीय आयुर्वेद महाविद्यालय १९०८ मध्ये सुरू झाले. बंगळूर येथे १९२४ मध्ये स्थापन झालेले म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालय १९३० मध्ये या शहरात आले. १९६५ मध्ये येथे अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था उभी राहिली. आयुर्वेद, आधुनिक वैद्यक आणि ध्वनीचे शास्त्र या तिन्ही वाटा रुग्णशुश्रूषेतील एका प्रश्नापाशी एकत्र येतात: आजारी माणसाला झोप लागते का, आणि लागत नसल्यास कशामुळे?

चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. विशेष म्हणजे अतिस्थौल्य आणि निद्रा यांचा विचार या ग्रंथात एकाच अध्यायात आला आहे. स्थूलता आणि झोपेतील श्वसनाचे विकार यांचा निकटचा संबंध आधुनिक वैद्यकानेही दाखवून दिला आहे.

झोपेचे स्वरूप

झोप म्हणजे मेंदूची केवळ विश्रांती, हा समज विसाव्या शतकात मागे पडला. जर्मन वैद्य हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये मानवी मेंदूतील विद्युतलहरींचे आलेख प्रसिद्ध केले. १९५३ मध्ये शिकागो येथे युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतील नेत्रगोलांच्या जलद हालचालींची नोंद केली. स्वप्ने प्रामुख्याने पडतात ती ही अवस्था 'रेम' निद्रा म्हणून ओळखली जाते. उरलेल्या झोपेचे उथळ ते गाढ असे तीन टप्पे मानले जातात. सुमारे दीड तासाचे एक चक्र असते आणि रात्रभरात अशी चार ते सहा चक्रे पूर्ण होतात. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात, तर रेम निद्रा पहाटेकडे अधिक असते. त्यामुळे मध्यरात्रीपूर्वी वारंवार जागवलेला रुग्ण आणि पहाटे चारला उठवलेला रुग्ण यांचे नुकसान सारखे नसते.

झोपेची वेळ दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक म्हणजे प्रकाशाच्या संकेतांवर चालणारे मेंदूतील जैविक घड्याळ, आणि दुसरी म्हणजे जागेपणी मेंदूत साठत जाणारे ॲडेनोसिन हे द्रव्य. कॉफीतील कॅफीन या द्रव्याचा परिणाम रोखते. शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास साधारणतः पाच तास लागतात. म्हैसूरच्या घराघरांत सायंकाळी पाचला घेतल्या जाणाऱ्या फिल्टर कॉफीचा अंमल रात्री दहालाही उरतो, तो यामुळेच.

वॉर्डातील रात्र

देशातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालयाभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. तेथे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनीची मर्यादा ४० डेसिबल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वॉर्डातील रात्रीसाठी ३० डेसिबलची शिफारस केली. खाटेशेजारचे साधे संभाषणही ६० डेसिबलच्या घरात जाते. अर्थात फाटकाबाहेरचा भोंगा थांबला, तरी आतली शांतता आपोआप मिळत नाही. रात्रभर जळणारे दिवे, यंत्रांचे इशारे आणि रक्तदाब मोजण्यासाठी केलेली जाग यांची त्यात भर पडते. वृद्ध आणि अतिदक्षता विभागातील रुग्णांत निद्राभंग व बुद्धिभ्रम अनेकदा एकत्र आढळतात.

निद्रानाश

आठवड्यातून किमान तीन रात्री, असे तीन महिने झोप लागण्यास वा टिकण्यास अडचण येऊन दिवसाच्या कामावर परिणाम होत असेल, तर त्यास दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. रुग्णांमध्ये त्यामागे वेदना, खोकला, नैराश्य किंवा आडवे होताच वाढणारा दम अशी कारणे असू शकतात. सायंकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी किंवा स्टिरॉइडही झोप मोडते. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधाची वेळ सकाळकडे नेल्यास बराच फरक पडू शकतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशासाठी गोळ्यांऐवजी विचार व वर्तन यांवर आधारित उपचारपद्धतीला प्रथम स्थान दिले.

घोरणे आणि श्वासरोध

या विकारांत सर्वाधिक दुर्लक्षित राहतो तो 'स्लीप ॲप्निया', म्हणजे झोपेतील श्वासरोध. घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो. श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो. तासाला असे पाच ते पंधरा प्रसंग सौम्य, तर तीसपेक्षा अधिक प्रसंग तीव्र विकाराचे लक्षण मानले जातात. रुग्णाला स्वतःला याची जाणीव बहुधा नसते. शेजारी झोपणाऱ्यालाच ती प्रथम होते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात आणि वाहन चालवताना लागणारी डुलकी यांच्याशी या विकाराचा संबंध आहे.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन शहरी पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात झोपेतील श्वसनदोषाचे प्रमाण १९.५ टक्के, तर त्यासोबत दिवसा अतिझोप येणाऱ्यांचे प्रमाण ७.५ टक्के असल्याचे अनुमान मांडले होते. निदानासाठी रात्रभराची निद्राचाचणी केली जाते. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेले, मुखवट्यातून हवेचा सतत दाब देणारे 'सीपॅप' यंत्र हा आजही प्रमुख उपचार आहे. वजन घटवणे व मद्य टाळणे हेही उपयुक्त ठरते.

येथेच झोपेच्या गोळीचा धोका स्पष्ट होतो. ज्याची झोप श्वास थांबल्याने मोडते, त्याला गुंगीचे औषध दिल्यास श्वास आणखी मंदावू शकतो. वृद्ध रुग्ण गुंगीत पडून हाडही मोडू शकते. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारखी औषधे देशात 'शेड्यूल एच-१' मध्ये असून ती चिठ्ठीविना देण्यास मनाई आहे. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ घोरण्याविषयी विचारतात, तेही याच कारणाने.

अन्य विकार

रात्री पायांत अस्वस्थता येऊन ते सतत हलवावेसे वाटणे हा विकार लोहाची कमतरता, गर्भारपण आणि मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात आढळतो. अशा वेळी रक्तातील लोहाची तपासणी आवश्यक ठरते. झोपेत स्वप्नानुसार हातपाय झाडणे हे उतारवयात कंपवाताचे पूर्वचिन्ह असू शकते.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

• रुग्ण किती वाजता झोपला, किती वेळा व कशामुळे जागा झाला, याची नोंद ठेवावी.
• घोरणे, श्वास अडणे, गुदमरून उठणे आढळल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे.
• दिवसा खिडकी उघडी ठेवून प्रकाश येऊ द्यावा. रात्री दिवे व दूरध्वनीचे आवाज कमी करावेत.
• तातडीची नसलेली तपासणी व औषधे शक्यतो एकाच वेळी उरकावीत.
• घरातील दुसऱ्याची उरलेली झोपेची गोळी रुग्णास कधीही देऊ नये.

ताप आणि नाडी यांची नोंद प्रत्येक तक्त्यावर होते. झोपेची नोंदही तितक्याच काटेकोरपणे झाली, तर अनेक रुग्णांना गोळीऐवजी खरे निदान मिळू शकेल.