नोकरीआधी डोळे तपासतात, पण कामावर ते जपतं कोण? सातारा-सांगलीतल्या तरुणांना माहीत हव्यात अशा गोष्टी

पहाटेच्या अंधारात सातारा जिल्ह्यातल्या गावांबाहेर पोरं पळताना दिसतात. कुणाची सैन्य भरतीची तयारी चाललेली असते, कुणाची पोलीस भरतीची, कुणाला रेल्वेत जायचं असतं. १६०० मीटर किती मिनिटांत होतात, छाती किती फुगते, हे प्रत्येकाला पाठ असतं. डोळ्यांचं काय, हे मात्र अनेकांना थेट मेडिकलच्या दिवशी कळतं.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत, गोष्ट उलटी आहे. तिथे धडधाकट डोळे घेऊन कामाला लागलेला तरुण ग्राइंडरसमोर गॉगलशिवाय उभा असतो.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. डोळे कामाला चालतील का? आणि काम डोळ्यांना चालेल का? दोन्हींची उत्तरं आपण बहुतेक वेळा उशिरा शोधतो.

६/६ म्हणजे नेमकं काय?

भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता १८६२ मध्ये नेदरलँड्सच्या हर्मन स्नेलन या डॉक्टरांनी तयार केला. वरचा आकडा म्हणजे तुम्ही तक्त्यापासून किती मीटरवर आहात. खालचा आकडा म्हणजे सर्वसाधारण नजरेचा माणूस तीच ओळ किती मीटरवरून वाचू शकतो.

६/६ म्हणजे नजर सर्वसाधारण. ६/१२ म्हणजे जी ओळ इतरांना १२ मीटरवरून दिसते, ती वाचायला तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं.

पण ६/६ म्हणजे डोळ्यांची पूर्ण तपासणी नव्हे. रंग ओळखणं, बाजूचं दिसणं, अंधारातली नजर, दोन्ही डोळ्यांचा ताळमेळ या वेगळ्या चाचण्या आहेत.

प्रत्येक नोकरीचा निकष वेगळा का असतो?

रेल्वेचं उदाहरण घेऊ. पुणे-मिरज मार्ग सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली असा जातो, त्यामुळे या भागातल्या अनेकांना रेल्वेची नोकरी जवळची वाटते. रेल्वेने कामानुसार डोळ्यांचे गट पाडलेत.

- ए-१ : असिस्टंट लोको पायलटसाठी. दोन्ही डोळ्यांना ६/६ आणि तेही चष्म्याशिवाय.
- ए-२ : स्टेशन मास्तरसाठी. दोन्ही डोळ्यांना ६/९, चष्म्याशिवाय.
- सी-२ : कारकुनी कामासाठी. एका डोळ्याला चष्म्यासह ६/१२ असलं तरी चालतं, दुसऱ्या डोळ्याने दिसत नसलं तरीही.

म्हणजे एका पदासाठी अनफिट ठरलेला उमेदवार त्याच रेल्वेत दुसऱ्या पदासाठी फिट असू शकतो. फॉर्म भरण्याआधी हे बघितलं तर वर्ष वाया जात नाही.

आणखी एक गैरसमज. 'लेसर करून नंबर घालवू, मग काय अडचण?' असं अनेकांना वाटतं. पण लेसिक किंवा नंबर घालवणारं दुसरं कुठलंही ऑपरेशन झालेलं असेल, तर असिस्टंट लोको पायलटसाठी उमेदवार अपात्र ठरतो. सैन्याच्या काही भरत्यांमध्ये वय आणि ऑपरेशननंतर गेलेला काळ अशा अटींवर ते चालतं. त्यामुळे आधी जाहिरातीतला मेडिकलचा भाग वाचा, मगच ऑपरेशनचा विचार करा.

ड्रायव्हिंग लायसन्सचा निकष त्यामानाने सोपा आहे. दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, असं फॉर्ममध्ये विचारलं जातं. चष्मा लावून वाचता आली तरी चालते.

रंगांवर एवढा भर का?

१८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागेरलुंडाजवळ दोन रेल्वेगाड्या समोरासमोर धडकल्या. कर्मचाऱ्याला सिग्नलचा रंग ओळखता आला नसावा, असा संशय फ्रिथियोफ होल्मग्रेन या शास्त्रज्ञांनी मांडला आणि रंगीत लोकरीच्या गुंड्या वापरून चाचणी सुरू केली. त्या अपघाताचं खरं कारण तेच होतं का, यावर नंतर वाद झाला. पण रेल्वेत रंगदृष्टी तपासण्याची पद्धत रूढ झाली ती तिथून.

आज वापरतात तो ठिपक्यांमधले आकडे ओळखण्याचा इशिहारा चार्ट १९१७ चा. जपानच्या शिनोबू इशिहारा यांनी तो बनवला. ते सैन्यातले डॉक्टर होते आणि सैन्य भरतीसाठीच अशी चाचणी हवी होती.

लाल-हिरव्या रंगांचा गोंधळ बहुतेक वेळा जन्मजात असतो. मुलाकडे तो आईकडून येतो, आईला स्वतःला त्रास नसला तरी. म्हणून मुलींपेक्षा मुलांमध्ये तो कितीतरी जास्त आढळतो. याला औषध नाही. बाजारात मिळणारे रंगीत चष्मे तो बरा करत नाहीत आणि भरतीच्या मेडिकलमध्ये ते लावू देत नाहीत.

मात्र सगळी दारं बंद होत नाहीत. २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसन्स मिळण्याचा मार्ग मोकळा केला.

सातारा जिल्ह्याला सैनिकी परंपरा मोठी आहे. अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले. अशा घरातल्या मुलाला बारावीनंतर दोन वर्षं अॅकॅडमीत घालवून शेवटी इशिहारा चार्टवर परत यावं लागलं, तर तो धक्का फक्त त्याचा राहत नाही. ही चाचणी काही मिनिटांची असते. ती दहावीतच करून घेता येते.

कामावर डोळ्याला धोका कुठून?

ग्राइंडर आणि लेथ : लोखंडाचा कीस उडून बुबुळावर बसतो. शेजारचा कामगार रुमालाच्या टोकाने किंवा काडीने तो काढतो. त्याने बुबुळाला जखम होते, गंजाचा डाग मागे राहतो आणि जंतुसंसर्गाची भीती असते.

वेल्डिंग : वेल्डर काच वापरतो, पण शेजारी उभ्या हेल्परकडे ती नसते. कमानीतल्या अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा थर भाजतो. त्रास लगेच होत नाही, काही तासांनी होतो. म्हणूनच रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं आणि पाणी थांबत नाही.

ऊसतोड : पाचटाची धारदार कड बुबुळावर ओरखडा काढते. त्यातून बुरशी आत गेली तर जखम चिघळते आणि डोळ्यात फूल पडतं. अशा वेळी मेडिकल दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून टाकणं सगळ्यात घातक. लाली कमी झाल्यासारखी वाटते, बुरशी मात्र वाढत जाते.

द्राक्षबाग : तासगाव भागात बागेवर बोर्डो मिश्रण फवारतात. त्यात चुना असतो. चुना हा अल्कली आहे आणि तो डोळ्यात आम्लापेक्षाही खोलवर उतरतो.

लागलं तर पहिल्यांदा काय करायचं?

- चुना किंवा औषध उडालं तर जागेवरच, स्वच्छ वाहत्या पाण्याने, पापण्या उघड्या धरून किमान १५ ते ३० मिनिटं डोळा धुवा. दवाखाना त्यानंतर.
- हातोड्याने ठोकताना तुकडा जोरात डोळ्यात घुसला असेल तर धुऊ नका, चोळू नका, दाबू नका. कागदी कपासारखं काहीतरी वरून झाका आणि थेट नेत्ररुग्णालय गाठा. जखम दिसत नसली तरी तुकडा आत असू शकतो.
- दूध, मध, लिंबू, कांद्याचा रस यातलं काहीही टाकू नका.
- डोळा बधिर करणारे थेंब घरी वापरू नका. दुखणं थांबतं, पण जखम भरत नाही.

साधा चष्मा चालतो का?

नाही. नंबरच्या चष्म्याच्या बाजू उघड्या असतात आणि काच फुटून डोळ्यात जाऊ शकते. ग्राइंडिंगला बाजू बंद असलेला, पॉलिकार्बोनेट भिंगांचा गॉगल हवा. भारतीय मानक आयएस ५९८३ हे अशाच साधनांसाठी आहे. नंबर असेल तर चष्म्यावरून बसणारा गॉगल मिळतो. वेल्डिंगसाठी मात्र योग्य शेडची काच लागते. काळा गॉगल पुरत नाही.

गॉगल कुणी द्यायचा?

मालकाने. उडणारे कण किंवा प्रखर प्रकाश असलेल्या कामात पडदा किंवा गॉगल देण्याची तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३५ मध्ये केली गेली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावून घेतला आहे.

डोळा गेलाच तर? १९२३ च्या भरपाई कायद्याच्या यादीत, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गमावला तर कमाईच्या क्षमतेचं नुकसान ४० टक्के धरलं होतं. डोळा जागेवर असून फक्त नजर गेली तर ३० टक्के. ईएसआय लागू असेल तर दावा तिथे करायचा. म्हणून अपघाताची नोंद त्याच दिवशी रजिस्टरमध्ये झाली पाहिजे.

शेतकऱ्यांसाठी राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघातात एक डोळा निकामी झाल्यास १ लाख, दोन्ही झाल्यास २ लाख रुपये मिळतात.

तपासायला कुणाकडे जायचं?

ऑप्टिशियन चष्मा बनवून देतो. ऑप्टोमेट्रिस्ट नंबर, रंगदृष्टी आणि दोन्ही डोळ्यांचा ताळमेळ तपासतो; २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला मान्यता दिली आहे. जखम, संसर्ग आणि ऑपरेशन हे नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांचं काम.

तिथे गेल्यावर फक्त 'नंबर काढा' म्हणू नका. कोणती भरती करायची आहे किंवा रोज काय काम करता, ते सांगा. कोणत्या चाचण्या लागतील आणि कोणता गॉगल हवा, हे त्यावरच ठरतं.