मोटारगाडीच्या बाजूच्या काचांचे विमासंरक्षण

मोटारगाडीच्या बाजूच्या काचांचे विमासंरक्षण म्हणजे दारांच्या व त्यांलगतच्या काचा फुटल्यास किंवा फोडल्या गेल्यास त्या बदलण्याचा खर्च मोटार विम्याच्या करारानुसार भरून मिळणे होय. भारतात हे संरक्षण सर्वंकष विमापत्राच्या 'स्वतःच्या वाहनाचे नुकसान' या विभागात अंतर्भूत असते. केवळ त्रयस्थ पक्ष विमा घेतलेल्या वाहनमालकास स्वतःच्या गाडीच्या काचेसाठी त्या विमापत्रातून काहीही मिळत नाही. काचेच्या किमतीतून घसारा वजा केला जात नसला, तरी अनिवार्य वजावट आणि 'नो क्लेम बोनस' यांच्यामुळे एकाच काचेसाठी दावा करणे अनेकदा मालकाला तोट्याचे ठरते. कोल्हापूरसारख्या पूर, घाटरस्ते आणि सीमाभाग यांच्या सान्निध्यातील जिल्ह्यात काचेच्या नुकसानीची कारणे विविध असल्याने विमापत्रातील अटींना विशेष महत्त्व प्राप्त होते.

काचेचे स्वरूप

मोटारगाडीची पुढची काच दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा बसवून तयार केलेली असते. तिला लॅमिनेटेड काच म्हणतात. दगडाचा फटका बसला तरी तिचे तुकडे पडद्याला चिकटून राहतात आणि लहानसा टवका काही वेळा राळ भरून दुरुस्त करता येतो. बाजूच्या काचा मात्र बहुतेक गाड्यांत टफन्ड, म्हणजे तापवून वेगाने थंड केलेल्या, एकसंध काचा असतात. अशी काच फुटली की तिचे बोथट कडांचे असंख्य बारीक तुकडे होतात. त्यामुळे प्रवाशांना होणारी इजा कमी होते. परंतु अशी काच दुरुस्त करता येत नाही, ती बदलावीच लागते. काही महागड्या गाड्यांत बाजूलाही लॅमिनेटेड काच बसवलेली असते. रस्त्यावरील वाहनांच्या सुरक्षा काचांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस २५५३ भाग २ हे मानक लागू आहे.

बाजूच्या काचेबरोबर इतर भागही जोडलेले असतात : काच वरखाली करणारी यंत्रणा, तिची विद्युत मोटर, रबरी पट्ट्या आणि दाराच्या आतील आवरण. मागच्या दाराजवळची स्थिर छोटी काच काही गाड्यांत चिकटद्रव्याने बसवलेली असते. विमा भरपाईच्या हिशेबात यांपैकी प्रत्येक भागाला वेगळा नियम लागू होतो.

विमापत्राचे प्रकार

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवण्यासाठी त्रयस्थ पक्ष विमा सक्तीचा आहे. या विम्यातून वाहनामुळे इतरांच्या जीविताची वा मालमत्तेची जी हानी होते तिची जबाबदारी भागवली जाते. स्वतःच्या गाडीचे नुकसान हा त्याचा विषय नाही.

सर्वंकष किंवा पॅकेज विमापत्रात त्रयस्थ पक्षाच्या जबाबदारीसोबत स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचाही समावेश असतो. बोलीभाषेत यालाच 'फुल इन्शुरन्स' म्हणतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या खासगी मोटारींसाठी तीन वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा एकदम घेणे सक्तीचे झाले, तर १ सप्टेंबर २०१९ पासून 'स्वतःच्या वाहनाचे नुकसान' हा भाग स्वतंत्रपणे घेण्याची सोय झाली. याचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. तीन वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा चालू असूनही एका वर्षानंतर स्वतःच्या नुकसानीचा भाग नूतनीकरणाअभावी संपलेला असू शकतो. अशा गाडीजवळ वैध विमा असतो, काचेचे संरक्षण मात्र नसते.

समाविष्ट जोखमी

स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचे दर १ जानेवारी २००७ पासून नियंत्रणमुक्त झाले असले, तरी खासगी मोटारींच्या विमापत्रातील मूळ शब्दरचना मुख्यतः २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकावर आधारलेली आहे. तीत नमूद केलेल्या जोखमींपैकी बाजूच्या काचांशी प्रामुख्याने पुढील जोखमींचा संबंध येतो.

बाह्य कारणाने झालेला अपघात : दुसऱ्या वाहनाची धडक, चाकाखालून उडालेला दगड, कोसळलेली फांदी इत्यादी.

घरफोडी व चोरी : गाडीतील वस्तू चोरण्यासाठी काच फोडणे. काचेचा खर्च विमापत्रात बसतो. चोरीस गेलेली बॅग, लॅपटॉप किंवा रोकड बसत नाही.

दंगल, संप व द्वेषमूलक कृत्य : जमावाने अथवा एखाद्या व्यक्तीने हेतुपुरस्सर काच फोडणे. ६ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र–कर्नाटक सीमावादाच्या तणावात बेळगावजवळील हिरेबागेवाडी पथकर नाक्यावर महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या वाहनांवर दगडफेक होऊन काचा फुटल्या. ७ जून २०२३ रोजी कोल्हापूर शहरातही बंददरम्यान दगडफेकीच्या घटना घडल्या. अशा प्रसंगी होणारे काचांचे नुकसान या जोखमीखाली येते. विमापत्राचे भौगोलिक क्षेत्र संपूर्ण भारत असल्याने 'एमएच ०९' या कोल्हापूरच्या क्रमांकाची गाडी कर्नाटकात फोडली गेली तरी संरक्षण कायम राहते.

पूर, वादळ व गारपीट : पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ मधील महापुरांत कोल्हापूर शहर व परिसराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. पुराच्या पाण्याने काच क्वचितच फुटते. पण दारातील काच-यंत्रणेची मोटर आणि तारा निकामी होऊ शकतात. हे नुकसान पुराच्या जोखमीत मोडते.

भूस्खलन व दरड कोसळणे : कोल्हापुरातून कोकणात उतरणाऱ्या आंबा घाटात किंवा गगनबावड्याच्या करूळ घाटात पावसाळ्यात दगड निखळून गाडीवर आदळल्यास ही जोखीम लागू होते.

भरपाईस अपात्र नुकसान

झीज, घसारा आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड यांची भरपाई विमापत्रात वगळलेली आहे. काच-यंत्रणा जुनी होऊन काच दारात घसरली किंवा रबरी पट्टी कुजली, तर तो खर्च मालकाचाच असतो. वैध परवान्याशिवाय किंवा मद्याच्या अमलाखाली वाहन चालवत असताना झालेले नुकसान तसेच खासगी गाडी भाड्याने चालवताना झालेले नुकसानही वगळले जाते.

परिणामजन्य हानी हा वादाचा नेहमीचा मुद्दा आहे. वाहनाचे अधिक नुकसान होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेणे ही विमाधारकाची करारातील जबाबदारी आहे. जुलै महिन्यात फुटलेली काच झाकून न ठेवता गाडी उघड्यावर सोडली आणि पावसाने आसने व विद्युत उपकरणे भिजली, तर त्या वाढीव नुकसानीची भरपाई नाकारली जाऊ शकते. म्हणून काचेची छायाचित्रे काढून लगेच प्लॅस्टिकने उघडी जागा झाकणे आणि गाडी सुरक्षित ठिकाणी नेणे आवश्यक ठरते.

घसारा आणि वजावट

दावा मंजूर करताना बदललेल्या भागांच्या किमतीतून घसारा वजा होतो. प्रमाणित विमापत्रानुसार काचेच्या सर्व भागांवरील घसारा शून्य आहे. गाडी दहा वर्षांची असली तरी हा नियम बदलत नाही. रबर, नायलॉन व प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के घसारा लागतो. धातूच्या व इतर भागांवर तो वाहनाच्या वयानुसार वाढत जातो : पहिल्या सहा महिन्यांत शून्य, दुसऱ्या वर्षात १० टक्के, पाचव्या वर्षात ३५ टक्के, पाच ते दहा वर्षांपर्यंत ४० टक्के आणि त्यापुढे ५० टक्के.

यानंतर अनिवार्य वजावट येते. दाव्याच्या रकमेतील हा हिस्सा विमाधारकाने स्वतः सोसायचा असतो. १५०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या खासगी मोटारींसाठी ही वजावट १,००० रुपये व त्याहून मोठ्या इंजिनासाठी २,००० रुपये असते. ती प्रत्येक घटनेसाठी एकदाच लागू होते. एकाच दगडफेकीत तीन काचा फुटल्या तरी तिप्पट वजावट होत नाही. हप्त्यात सवलत मिळावी म्हणून काही मालक २,५०० किंवा ५,००० रुपयांची, अथवा त्याहून अधिक, ऐच्छिक वजावट स्वीकारतात. अशा विमापत्रावर एका काचेच्या दाव्यातून फारसे काही हाती लागत नाही.

नो क्लेम बोनसवरील परिणाम

एका वर्षात दावा न केल्यास पुढील वर्षी स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सवलत मिळते. सलग दाव्याविना गेलेल्या वर्षांनुसार ती २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत वाढते. एकही दावा केला की पुढील नूतनीकरणाच्या वेळी ही सवलत शून्यावर येते. दावा लहान आहे की मोठा, अथवा दोष कोणाचा होता, याने फरक पडत नाही.

या नियमाचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होतो. काचेची किंमत २,४०० रुपये, रबरी पट्टी ४०० रुपये आणि मजुरी ५०० रुपये, असा एकूण ३,३०० रुपये खर्च आला असे मानू. रबरावरील २०० रुपये घसारा आणि १,००० रुपये अनिवार्य वजावट वगळता २,१०० रुपये भरपाई मिळेल. सवलतीपूर्वीचा हप्ता ८,००० रुपये असून सध्या ३५ टक्के सवलत मिळत असेल, तर दावा न करता पुढील वर्षी ४५ टक्के, म्हणजे ३,६०० रुपये सवलत मिळाली असती. ती पूर्णपणे जाते. त्यापुढील वर्षी ५० टक्क्यांऐवजी २० टक्केच सवलत मिळाल्याने आणखी २,४०० रुपये अधिक भरावे लागतात. अशा रीतीने २,१०० रुपयांच्या भरपाईसाठी दोन वर्षांत ६,००० रुपयांची सवलत गमवावी लागते. हप्त्यावरील कराचा फरक वेगळाच. याउलट जमावाच्या हल्ल्यात सर्व काचा फुटून पत्राही चेपला असेल आणि खर्च तीसचाळीस हजारांवर गेला असेल, तर दावा करणे निश्चितपणे हिताचे ठरते.

पूरक संरक्षण

अतिरिक्त हप्ता भरून काही पूरक तरतुदी घेता येतात. 'झिरो डेप्रिसिएशन' या तरतुदीत घसारा वजा होत नाही. काचेवर मुळातच घसारा नसल्याने तिचा उपयोग काचेपेक्षा सोबतचे रबरी, प्लॅस्टिकचे व धातूचे भाग बदलताना होतो. 'कन्झ्युमेबल्स' या तरतुदीत चिकटद्रव्य, खिळे, क्लिपा अशा किरकोळ वस्तूंचा खर्च मिळतो. 'नो क्लेम बोनस प्रोटेक्शन' घेतल्यास ठरावीक संख्येपर्यंत दावे करूनही सवलत टिकते. काही कंपन्या केवळ काचेच्या दाव्याला या तरतुदीत वेगळी वागणूक देतात. गाडीतील वैयक्तिक वस्तूंसाठीही पूरक संरक्षण उपलब्ध असते. या तरतुदींच्या अटी कंपनीगणिक भिन्न असतात.

दाव्याची कार्यपद्धती

नुकसान झाल्यावर विमा कंपनीला विनाविलंब कळवणे ही कराराची पहिली अट आहे. चोरी किंवा तोडफोड झाली असल्यास पोलिसांत तक्रार नोंदवावी लागते. काच फोडण्याचे कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मधील 'आगळीक' या अपराधात मोडते. १ जुलै २०२४ पूर्वी त्यासाठी भारतीय दंड संहिता लागू होती.

पाहणीपूर्वीच काच बदलून घेणे हे दावा अडचणीत येण्याचे एक प्रमुख कारण आहे. प्रमाणित विमापत्रानुसार मालकाला कंपनीच्या संमतीविना केवळ ५०० रुपयांपर्यंतची दुरुस्ती परस्पर करून घेता येते. ही मर्यादा आजच्या किमतींच्या मानाने अत्यल्प असल्याने व्यवहारात प्रत्येक काचेसाठी पूर्वपरवानगी आवश्यक ठरते. वाहन विम्यात ५०,००० रुपयांपर्यंतच्या नुकसानीसाठी परवानाधारक सर्वेक्षक नेमणे बंधनकारक नाही. म्हणून काचेच्या दाव्यात छायाचित्रे, चलचित्र किंवा कंपनीच्या प्रतिनिधीची पाहणी यांवर निर्णय होऊ शकतो.

कंपनीशी करार असलेल्या कार्यशाळेत रोकडरहित सेवा मिळते आणि मालकाला केवळ घसारा व वजावट यांची रक्कम भरावी लागते. अन्यत्र, उदाहरणार्थ शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या परिचित गॅरेजमध्ये, काम करून घेतल्यास आधी खर्च करून मूळ देयकांच्या आधारे परतावा मागावा लागतो. विमापत्र, नोंदणी प्रमाणपत्र, चालकाचा परवाना, दुरुस्तीचे अंदाजपत्रक व देयके ही कागदपत्रे सामान्यतः लागतात.

नुकसान करणाऱ्या वाहनाकडून भरपाई

दुसऱ्या वाहनाच्या चुकीमुळे काच फुटली असल्यास त्या वाहनाच्या त्रयस्थ पक्ष विम्यातून मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई मागता येते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागून काच फुटणे हे याचे एक संभाव्य उदाहरण होय. असा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो आणि त्याचा स्वतःच्या 'नो क्लेम बोनस'वर परिणाम होत नाही. मात्र दोषी वाहनाची ओळख, पोलीस नोंद आणि कालावधी यांचा विचार करता एका काचेसाठी हा मार्ग क्वचितच अवलंबला जातो.

काचेवरील फिल्म

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका प्रकरणात २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवर काळ्या फिल्म लावण्यास मनाई केली. नियमांत नंतर झालेल्या सुधारणेच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये विहित पारदर्शकता राखणारी फिल्म चालू शकते, असा निर्णय दिला. विम्याच्या दृष्टीने फिल्म ही उत्पादकाने बसवलेल्या काचेचा भाग नसल्याने, विमापत्रात तिची स्वतंत्र नोंद नसेल तर तिची भरपाई सहसा मिळत नाही.

तक्रार निवारण

दावा नाकारल्यास किंवा कमी रक्कम मंजूर झाल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत विनाशुल्क दाद मागता येते. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाच्या कार्यक्षेत्रात येतो. याशिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. या सर्व ठिकाणी नुकसानीची वेळीच काढलेली छायाचित्रे, कंपनीला कळवल्याची तारीख आणि दुरुस्तीची मूळ देयके हे पुरावे महत्त्वाचे मानले जातात.