वेड्यावाकड्या पाण्याचं माप

जून उजाडला की मुंबईकराची नजर वर्तमानपत्रातल्या एका छोट्या तक्त्याकडे वळते. सात तलाव, त्यांची सकाळी सहाची पातळी, उपयुक्त साठा आणि टक्केवारी. त्यातले तीन तलाव एकाच नदीवरचे आहेत. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावून पालघर जिल्ह्यातून वाहत अर्नाळ्याच्या उत्तरेला समुद्र गाठणारी वैतरणा. पूर्ण भरल्यावर ऊर्ध्व वैतरणात २,२७,०४७ दशलक्ष लिटर, मध्य वैतरणात १,९३,५३० आणि मोडक सागरात १,२८,९२५ दशलक्ष लिटर उपयुक्त पाणी मावतं. सात तलावांच्या एकूण १४,४७,३६३ दशलक्ष लिटरांपैकी हा वाटा अडतीस टक्के भरतो.

आकड्यांचा काटेकोरपणा पाहून जरा थबकायला होतं. हे पाणी काही चौकोनी टाकीत नाही. ते डोंगरांच्या घळींत शिरलेलं, टेकड्यांना वळसे घालून पसरलेलं, कुठे शंभर हात खोल तर कुठे गुडघाभर. ते शेवटच्या अंकापर्यंत मोजलं कसं?

मोजलं नाही, हिशेबानं काढलं. आणि तो हिशेब या धरणांपेक्षा कितीतरी जुना आहे.

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली. त्यात ‘खातव्यवहार’ नावाचं प्रकरण आहे, म्हणजे खणलेल्या खड्ड्यांचं गणित. त्यातलं एक उदाहरण वाकड्या बाजूंच्या खड्ड्याचं आहे. तीन ठिकाणी लांबी मोजली तर १०, ११ आणि १२ हात, रुंदी ६, ५ आणि ७, खोली २, ४ आणि ३. आचार्यांची रीत सरळ: प्रत्येकाची सरासरी घ्या आणि गुणाकार करा. अकरा गुणिले सहा गुणिले तीन, म्हणजे १९८ घनहस्त. आज केळव्याच्या किंवा अर्नाळ्याच्या एखाद्या रिसॉर्टवाल्याला आपल्या वेड्यावाकड्या पोहण्याच्या तलावात क्लोरीन किती टाकायचं हे ठरवायचं असेल, तर त्याचंही या रीतीनं बऱ्यापैकी भागेल.

पण सरासरी सगळीकडे चालत नाही, हे आचार्यांना ठाऊक होतं. पुढचंच उदाहरण वर रुंद आणि तळाशी निमुळत्या विहिरीचं आहे. तोंड १२ बाय १० हात, तळ त्याच्या निम्मा, खोली ७ हात. इथे त्यांनी वेगळा नियम दिला. तोंडाचं क्षेत्रफळ १२०, तळाचं ३०. शिवाय दोन्ही लांब्यांची बेरीज गुणिले दोन्ही रुंद्यांची बेरीज, म्हणजे २७०. सगळं मिळून ४२०, भागिले सहा, गुणिले खोली. उत्तर ४९० घनहस्त. नुसत्या सरासरीनं ते ४७२.५ आलं असतं. तोंड आणि तळ यांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली असती तर ५२५.

युरोपात हा प्रश्न दारूच्या पिंपातून वर आला. योहानेस केपलरला आपल्या लग्नाच्या वेळी व्यापारी पिंपात एक तिरकी काठी घालून दारू मोजतो हे पटलं नाही आणि १६१५ साली त्यानं पिंपांच्या घनफळावर पुस्तकच लिहिलं. पुढे इंग्लंडच्या थॉमस सिम्सनच्या नावानं प्रसिद्ध झालेला नियम त्याच कुळातला: तोंडाचं आणि तळाचं क्षेत्रफळ, शिवाय मध्याच्या क्षेत्रफळाची चौपट, सगळं भागिले सहा, गुणिले खोली. आचार्यांचे २७० म्हणजे हीच मध्याची चौपट. स्थापत्य अभियंते आजही हा नियम वापरतात. त्याची चाळीसगावजवळच्या पाटणशी ओळख क्वचितच कुणी करून देतो. आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं तिथे मठ काढला, त्याचा शिलालेख तिथे आहे.

धरण बांधायचं ठरलं की हाच नियम डोंगरावर चढतो. बुडणाऱ्या खोऱ्याचं सर्वेक्षण करून समान उंचीच्या रेषांचा नकाशा काढतात. प्रत्येक रेषेनं वेढलेलं क्षेत्र मोजायचं. त्यासाठी स्विस गणिती याकोब अॅम्सलरनं १८५४ साली शोधलेलं ध्रुवीय प्लॅनिमीटर हे उपकरण फार कामाला आलं, कारण कितीही वाकड्या रेषेवरून त्याचं टोक फिरवलं की क्षेत्रफळ मिळतं. मग दोन रेषांमधल्या पाण्याच्या चकत्या एकेक करून काढायच्या आणि तळापासून वर बेरीज करत न्यायचं. हाती येतो तो पातळी आणि साठ्याचा तक्ता. १९५७ साली पुरं झालेलं आणि महापालिकेचे अभियंते एन. व्ही. मोडक यांचं नाव मिळालेलं मोडक सागर असो, की पालघर जिल्हा जन्मला त्याच २०१४ साली पूर्ण झालेलं १०२ मीटर उंच मध्य वैतरणा असो, पट्टीवर वाचतात ती फक्त पाण्याची उंची. बाकी सगळं तक्ता बोलतो.

म्हणूनच जुलैत लोकांची एक तक्रार असते: पाणी इतकं चढलं तरी टक्केवारी का हलत नाही? उत्तर पुन्हा आचार्यांच्या विहिरीत आहे. सात हात खोल विहीर साडेतीन हात भरली तर ४९० पैकी किती घनहस्त पाणी असेल? निम्मं नाही, सुमारे १६६. जेमतेम एक तृतीयांश. खोरं वर पसरत जातं, त्यामुळे खालच्या मीटरला पाणी थोडं आणि वरच्या मीटरला भरपूर. शिवाय तळाचं जे पाणी बाहेर काढण्याच्या दारांपर्यंत पोचतच नाही, ते मृतसाठा म्हणून हिशेबाबाहेर ठेवतात.

या तक्त्याचा एक शत्रू आहे, गाळ. दर पावसाळ्यात तो तळाशी बसतो आणि कागदावरची चकती खऱ्या चकतीपेक्षा मोठी दिसू लागते. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था अशा जलाशयांची फेरमोजणी करते. वेगवेगळ्या पातळ्यांना घेतलेल्या उपग्रहाच्या चित्रांवरून पाण्याचा पसारा काढायचा आणि जुन्या आकड्याशी ताडून पाहायचा. होडीतून ध्वनिलहरी सोडूनही तळ मापता येतो. फेरमोजणी खर्चिक असते, पण ती टाळून छापलेली टक्केवारी ही फक्त सोयीची टक्केवारी आहे.

वैतरणेच्या दक्षिणेला, वसईच्या वाड्यांत बावखलं आहेत. बागायतीसाठी खणलेली ही गोड्या पाण्याची तळी, एकाचाही आकार दुसऱ्यासारखा नाही. भराव घालून त्यातली कितीतरी बुजली आणि उरलेली वाचवायला गावकरी धडपडताहेत. बावखल बुजलं तर किती पाणी गेलं, हा आकडा हातात असला की त्यांच्या तक्रारीला वजन येईल. तिकडे मोखाड्यात, जिथे मध्य वैतरणाची भिंत उभी आहे, पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पालघरच्या शाळांनी एवढं करावं: एप्रिलमध्ये एक दोर आणि एक खुणा केलेला बांबू घेऊन मोठ्या माणसांच्या सोबतीनं गावची विहीर, तळं किंवा बावखल मोजावं, गणिताच्या तासाला आचार्यांच्या नियमानं घनफळ काढावं आणि तो आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा.