विंचवाचा उतारा

दिवाळी जवळ आली, की उटण्याच्या वासाआधी मला भाताच्या पेंढ्याचा वास आठवतो. आमचे गाव सावित्रीच्या खोऱ्यात, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात. कापणी ऐन दिवाळीच्या तोंडावर येई, आणि पेंढ्याबरोबर विंचूही अंगणात येत.

१९६४ सालची गोष्ट. शेजारच्या घरातला माझ्याच वयाचा मुलगा आकाशकंदिलासाठी कामट्या आणायला गोठ्यामागे गेला आणि किंचाळतच परत आला. तांबड्या विंचवाने बोटाला नांगी मारली होती. विंचू उतरवणारे आजोबा आले, मंत्र झाला, कांदा चोळून झाला. घटकाभराने त्याचे रडणे ओसरले. मग दोनतीन उलट्या झाल्या आणि अंगाला दरदरून घाम फुटला. "घामावाटे विष निघालं गो, आता भिऊ नकोस," असे त्याची आजी माझ्या आईला म्हणाली, ते मी उंबऱ्यात उभा राहून ऐकले. हातपाय मात्र गारठून गेले होते. पहाटे त्याला धाप लागली, तोंडाशी फेस आला आणि उजाडायच्या आत तो गेला. त्या वर्षी आमच्या आळीत कंदील लागला नाही.

त्या घामाचा खरा अर्थ मला कळायला पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली. वाचकहो, तो कसा उलगडला, याची हकीकत मोठी वाचनीय आहे. आणि ती आपल्याच मातीत घडली आहे.

विंचवाच्या दंशानंतर फुप्फुसांत पाणी भरते, हे डॉ. मुंडले यांनी १९६१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिले होते. पण कोणत्या रोग्याला पुढे धोका आहे आणि कोण नुसता कळवळून दुसऱ्या दिवशी घरी जाणार आहे, हे आधी ओळखायचे कसे? त्या प्रश्नाच्या मागे लागले डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा हा गरीब घरातला मुलगा डॉक्टर झाला आणि नोकरीच्या निमित्ताने महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. तिथे विंचवाने दगावणारी मुले पाहून त्यांनी एक साधी, पण चिकाटीची गोष्ट केली. रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलटी, हातापायांची ऊब यांची नोंद ठेवायची, आणि शेवटी त्या रोग्याचे काय झाले हे त्या नोंदीशी ताडून पाहायचे.

१९८२ साली त्यांचा निबंध लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ज्याला केवळ दंशाच्या जागी भयंकर कळा आहेत, त्याच्या जिवाला सहसा भय नसते. उलट्या, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय ही मात्र संकटाची पहिली वर्दी होय. विषामुळे शरीरातले मज्जातंतू अनावर होतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, त्या दाबाविरुद्ध झगडून हृदय थकते आणि मग फुप्फुसांत पाणी साचते.

निदान झाले, उपाय हवा होता. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या, तर सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध होते. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने देताना क्षणभर नजर हलवून चालत नाही. खेड्यातल्या दवाखान्याला ते परवडायचे कसे? मग बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी वापरून पाहिली. तो अनुभव १९८६ साली पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यांच्या निबंधांतून दिसते, की पूर्वी अशा गंभीर रोग्यांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत; या गोळीनंतर ते प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले.

आता चिकित्सक वाचक विचारील, की या काळात रस्ते झाले, गाड्या आल्या, रोगी लवकर पोहोचू लागले. मग सारे श्रेय गोळीलाच कसे? शंका रास्त आहे. कालच्या रोग्यांची आजच्या रोग्यांशी तुलना करताना हा पेच राहतोच. त्यावर वैद्यकाने काढलेली तोड म्हणजे एकाच काळातल्या, एकाच जागच्या रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडणे. विंचवाच्या प्रतिविषाबद्दल मतभेद होते, तेव्हा बावस्करांनी महाडात हेच केले. ७० रोगी घेतले. ३५ जणांना नुसते प्राझोसिन दिले आणि ३५ जणांना प्राझोसिनबरोबर प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८ आणि दुसऱ्यात ३२. २०११ साली हे आकडे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापले. डॉक्टरीणबाई प्रमोदिनी बावस्कर या साऱ्या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

हे सारे वाचताना मला शेजारची ती आजी आठवत राहिली. तिने काय पाहिले नव्हते? उलटी पाहिली, घाम पाहिला, गार पडलेले पाय तर ती स्वतःच्या हातांनी चोळीत बसली होती. पण त्या खुणांचा शेवट काय होतो, हे सांगायला शेकडो रोग्यांच्या नोंदी लागतात, आणि त्या तिच्यापाशी कुठून असणार? त्या वेळी त्या कोणापाशीच नव्हत्या.

आता माझी नातवंडे दिवाळीला गावी येतात आणि पेंढ्याकडे धावतात. मी त्यांना आधी काठीने पेंढा हलवायला लावतो. आणि घरातल्या मोठ्यांना दरवर्षी तेच सांगतो: विंचू चावलेल्याला घाम सुटला, उलटी झाली, हात गार लागला, तर फराळाचे ताट तसेच टाका आणि तडक दवाखाना गाठा. सुना हसतात, "बाबा, पाठ झालंय आम्हांला," म्हणतात. मला तेवढेच हवे असते.