घाटाखालचा मुलूख आणि मातृरक्षण

सातपुड्याच्या घाटाखाली, कन्हान आणि जाम या नद्यांच्या खोऱ्यांत, सौंसर व पांढुर्णा हा संत्र्यांचा आणि कपाशीचा मराठीभाषी मुलूख पसरला आहे. जिल्ह्याचे ठाणे छिंदवाडा घाटावर, तर मोठी पेठ नागपूर खाली सपाटीवर, अशी या भूमीची जुनी स्थिती. १९४७ साली नागपुरास वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा ते आपल्याच प्रांताच्या राजधानीत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. सोयरिकी व बाजारहाट पूर्ववत चालू राहिले. परंतु सरकारी दवाखान्यांचा कारभार भोपाळकडे गेला. अडलेल्या बाळंतिणीच्या वाटेवर राज्याची सीमा येऊन उभी राहिली.

मातृरक्षणाचा विचार आपल्या देशात त्यापूर्वीच सुरू झाला होता. १८८५ साली डफरिन निधी स्थापन झाला. १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी, ही त्या काळची पहिली निकड होती. पुढे १९४६ साली भोर समितीने जे चित्र मांडले ते भीषण होते: दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता दगावत, म्हणजे वर्षाकाठी सुमारे दोन लक्ष. १९५२ पासून समूह विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. सुईणीच्या हाती असलेले बाळंतपण हळूहळू दवाखान्याच्या दाराशी आले.

परंतु दार गाठणे म्हणजे जीव वाचणे नव्हे. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला, तर दोन तासांच्या आतही माता हातची जाऊ शकते. झटके आले किंवा मूल आडवे आले, तरी सकाळची वाट पाहता येत नाही. अशा वेळी शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, भूल देणारा डॉक्टर आणि जुळणारे रक्त ही तिन्ही एकाच घटकेस हजर लागतात. तिहींपैकी एक नसले, की उरलेली दोन निरुपयोगी ठरतात. इंग्लंडमध्ये १९३० नंतरच्या दशकात न्यूकॅसल येथे डॉक्टर व रक्त गाडीत घालून अडलेल्या बाळंतिणीच्या घरी धाडण्याची प्रथा पडली, ती याच जाणिवेतून.

१९९४ साली संशोधकांनी मातेच्या मृत्यूमागील तीन विलंब सांगितले: घरातून निघण्याचा निर्णय, रुग्णालयाची वाट आणि रुग्णालयात पोचल्यावर उपचारास लागणारा वेळ. २००५ सालच्या जननी सुरक्षा योजनेने पहिल्या दोन विलंबांवर मोठा घाव घातला. असंख्य स्त्रिया रुग्णालयात बाळंत होऊ लागल्या. तिसरा विलंब मात्र पैशाने वा प्रचाराने टळत नाही. त्यासाठी रात्रपाळीची माणसे लागतात. २०१८ ते २०२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू महाराष्ट्रात ३३, तर मध्यप्रदेशात १७३ होते. हे आकडे राज्यांच्या सरासरीचे आहेत, एका तालुक्याचे नव्हेत. तरी सीमेच्या दोन बाजूंना एकच भाषा बोलणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला दोन निराळ्या व्यवस्था आल्या, हे त्यांतून उमगते.

२०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. घाट चढून ठाण्यास जाण्याची जुनी पायपीट त्यामुळे सरली. जिल्हा झाल्याचे सार्थक मात्र कचेऱ्यांच्या इमारतींत नाही. मध्यरात्री दोन वाजता भूल देणारा जागा आहे काय, रक्तपेटीत जुळणारे रक्त आहे काय, गाडी निघण्यापूर्वी नागपूरच्या रुग्णालयास वर्दी पोचते काय आणि परराज्याची म्हणून तिला कागदपत्रांसाठी थांबवले जात नाही ना, या चार प्रश्नांच्या उत्तरांत ते आहे. दिवसा चालणारे रुग्णालय ही सोय होय. रात्री चालणारे रुग्णालय हेच मातृरक्षण होय.