औषध गुणकारी, तरीही सर्रास नको : कांजिण्यांच्या उपचाराचा इतिहास

१/ असायक्लोव्हिर हे औषध १९९२ साली अमेरिकेत निरोगी मुलांच्या कांजिण्यांसाठी मान्य झाले. पुढच्याच वर्षी तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने ते अशा मुलांना सरसकट देऊ नये, असे सुचविले. हा विरोधाभास कसा निर्माण झाला? आजचा धागा त्याविषयी.

२/ देवी आणि कांजिण्या हे भिन्न रोग आहेत, हे इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६७ साली स्पष्ट मांडले. देवी प्राणघातक, कांजिण्या मात्र निरोगी मुलांत बहुधा आपोआप ओसरतात. त्यामुळे उपचार म्हणजे खाज शमविणे आणि वाट पाहणे, एवढाच राहिला.

३/ विषाणू आपल्याच पेशींत वाढतो; त्याला मारू जाता पेशीलाही इजा होते. १९७० च्या दशकात बरोज वेलकम कंपनीत गर्ट्रूड एलियन आणि सहकाऱ्यांनी यावर मार्ग काढला. असायक्लोव्हिरला विषाणूचेच एक विकर कार्यरत करते आणि मग विषाणूच्या डीएनएची साखळी खुंटते. निरोगी पेशी बहुतांशी सुरक्षित राहतात. १९८८ च्या नोबेल पारितोषिकात एलियन सहमानकरी होत्या.

४/ रक्ताच्या कर्करोगासारख्या आजाराने प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलांच्या कांजिण्या जिवावर बेततात. त्यांच्यासाठी हे औषध मोठा आधार ठरले. पण निरोगी मुलांचे काय?

५/ १९९१ साली २ ते १२ वर्षांच्या ८१५ निरोगी मुलांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. प्लासिबो घेतलेल्या मुलांच्या अंगावर सरासरी ३४७ फोड आले, तर औषध घेतलेल्यांच्या अंगावर २९४. खाज कमी झाली, तापही लवकर उतरला.

६/ मात्र गुंतागुंतीची प्रकरणे एकूण ११ च होती आणि त्यांबाबत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. शिवाय पुरळ दिसल्यापासून २४ तासांच्या आत औषध सुरू करून ते रोज चार वेळा, पाच दिवस द्यायचे होते.

७/ म्हणून १९९३ चा सल्ला असा : सर्वांना नको, मात्र १२ वर्षांवरील मुले किंवा त्वचेचे वा फुफ्फुसांचे जुनाट विकार असलेली मुले यांच्या बाबतीत विचार व्हावा. १९९५ साली अमेरिकेत लस मान्य झाली. जपानी वैद्य मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या विषाणूवाणावर ती आधारलेली होती. त्यानंतर भर उपचाराकडून प्रतिबंधाकडे वळला.

८/ वैद्यकाचा इतिहास आपण बहुधा शोधांच्या सनावळीतून वाचतो. परंतु १९९२ आणि १९९३ मधील निर्णय एकत्र वाचले, तरच ध्यानात येते की औषध परिणामकारक आहे का आणि ते कोणाला द्यावे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.